डोंगरगाडीच्या दांड्यावरची टोपी

३ मार्च

काका,

सुरुवात कशी करावी यातच दोन कागद वाया गेले, म्हणून हे नुसतंच 'काका'. मी मधली. तुमच्या थोरल्या भावाच्या तीन पोरींमधली दुसरी. तुम्ही मला बागेत खांद्यावर बसवून फिरवायचात आणि एकदा मी तुमच्या कानात आइस्क्रीम सांडलं होतं. मागच्या महिन्यात तुमच्या दुकानात फोन केला. 'वजनकाटे दुरुस्ती' असं ऐकू आलं, मी कोण ते सांगितलं आणि तुम्ही 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिलात. आवाज तुमचाच होता. पत्र असं ठेवून देता येत नाही, निदान कुणाचं आहे हे बघायला तरी उघडावं लागतं.

बाबा माझ्याकडे असतात. एक्क्याऐंशीचे झालेत. आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देते. घराच्या पुढच्या खोलीतच काम चालतं, त्यामुळे बाबा दिवसभर माझ्यासमोर खुर्चीत असतात, प्लास्टरच्या जबड्यांच्या सोबतीला.

तुम्ही दोघं कामाला होतात ती खेळांची बाग पाडली हे तुम्हाला कळलं असेलच. पेपरात फोटो आला होता, नुसत्या मातीचा. तेव्हापासून बाबा बागेतच राहायला गेल्यासारखे झालेत. दुपारचा चहा झाला की बोटांवर खेळ मोजायला लागतात. रुळांवरची डोंगरगाडी. होड्यांचं भुयार. वेड्या आरशांचं दालन. बोलणारं झाड. यातलं किती खरं आणि किती त्यांच्या डोक्यातलं, हे मला सांगता येत नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते.

पण मी लिहितेय ते एवढ्यासाठी नाही. बाबा हल्ली दारात येईल त्याचा हात धरून सांगतात, "मी एका माणसाचा पाय घालवला." गॅसवाल्याला सांगितलं. शेजारच्या बाईंना सांगितलं. कवळ्या न्यायला येणाऱ्या मुलीला तर तीनदा सांगितलं, ती आता दारातूनच हात लांब करते. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फार दिवस धरू नका. हे ओझं घेऊन त्यांनी जावं हे मला सहन होत नाही.

मला माहीत आहे ते एवढंच, की डोंगरगाडीखाली रंगाऱ्याचा पाय गेला, चौकशी झाली, बाबांची नोकरी गेली आणि त्यांच्या जागेवर तुम्ही बसलात. त्यानंतर आपल्या घरात तुमचं नाव निघालं नाही. त्या दिवशी नक्की काय झालं ते तुम्ही सांगू शकता. दुसरं कुणी उरलेलं नाही.

मधली

*

१४ मार्च

मधले,

पत्र मिळालं. उघडलं, कारण पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. ही युक्ती तुझीच की कुणी शिकवली?

राग मानू नकोस, पण एकेचाळीस वर्षं तुमच्याकडच्यांनी माझ्या लग्नाला, मुलाच्या बारशाला, कशाकशाला तोंड दाखवलं नाही. आणि आज बाग पाडून जमीन विकली जाते आणि बरोब्बर त्याच महिन्यात तुला काकाची आठवण येते. माझ्या मनात पाल चुकचुकली तर तुला नवल वाटू नये. रंगाऱ्याच्या मुलांनी एखादा वकील गाठलाय का? ते जुनं प्रकरण पुन्हा उकरताहेत का? तसं असेल तर सरळ सांग. थोरला जिवंत आहे हेही मी तुझ्याच शब्दावर मानायचं. तुझं अक्षर मी ओळखत नाही. मी पाहिलं होतं तेव्हा तू उलटा 'स' काढायचीस.

खेळांचं विचारतेस तर सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. होड्यांचं भुयार खरं. सात होड्या होत्या, आणि त्यातली एक नेहमी डावीकडे झुकायची, तीत आम्ही जाडी माणसं उजवीकडे बसवायचो. बोलणारं झाड म्हणजे सिमेंटचा बुंधा. आत स्टुलावर एक गेटकीपर बसायचा, हातात नळी. पोरांनी नाव विचारलं की झाडाने आपलं नाव सांगायचं. त्याला बारा महिने सर्दी. सगळ्या गावाची पोरं समजायची की झाडं शिंकतात. आरशांच्या दालनात मॅनेजर स्वतः एकदा अर्धा तास अडकला होता आणि बाहेर आल्यावर आम्हा सगळ्यांवर ओरडला, जणू आम्हीच त्याला तसा दाखवला. गिरक्या घेणारी पिंपं होती, हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी होती. आणि तळ्याखालची काचेची खोली तर तुला नक्की आठवत असेल. वीस पायऱ्या खाली उतरायचं, चारी बाजूंनी मासे. तू तिथे भोकाड पसरलं होतंस, आणि मी तुला उचलून वर आणलं होतं.

अपघाताचं म्हणशील तर अपघात झाला, चौकशी झाली, थोरल्याने कबूल केलं, विषय संपला. म्हाताऱ्या माणसाला काही ना काही टोचतच असतं. त्याला डॉक्टरकडून झोपेची गोळी लिहून घे.

काका

*

२२ मार्च

काका,

तुम्ही झुकणाऱ्या होडीला चार ओळी दिल्यात, झाडाच्या सर्दीला पाच आणि रंगाऱ्याच्या पायाला दोन. कवळीत एक दात जरा वर राहिला तरी माणसाला जेवता येत नाही. मला असं लगेच दिसतं, माझा धंदाच तो आहे.

वकील नाही, जमीन नाही, कुणी शिकवलेलं नाही. उलटा 'स' दुसरीत सुधारला.

आता त्या काचेच्या खोलीचं. खरं सांगते, तुमचं पत्र वाचताना मला ती आठवायला लागली होती. ओल्या पायऱ्या, गार कठडा, काचेला चिकटलेलं शेवाळ. "हो काका, आठवते, तुमच्या शर्टाला मासळीचा वास येत होता" असं मी लिहूनही टाकलं होतं. मग चहाच्या वेळी तुमचं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. झाडाच्या शिंकेपर्यंत ते डोळे मिटून ऐकत होते. काचेची खोली आली आणि ते हसायला लागले. इतके हसले की मीच बनवलेली कवळी हातात काढून ठेवावी लागली. म्हणाले, "अगं, असली खोली कधी नव्हतीच. तळं कमरेएवढं होतं. धाकटा तुला चाचपतोय."

तेव्हा, काका, बाबा जिवंत आहेत आणि डोकं ठिकाणावर आहे. तुमची परीक्षा ते पास झाले. मी नापास झाले असते, आणि त्याचा मला राग आलाय. मी तुमच्याकडे मदत मागायला आले आणि तुम्ही माझ्या वाटेत खड्डा खणून ठेवलात.

हसणं थांबल्यावर बाबा म्हणाले, "टोपी मी काढली." कसली टोपी, विचारलं तर नुसती मान हलवली. चौकशीतही ते हेच बोलले होते, असं मोठी ताई सांगते. कसली टोपी?

सोबत एक फोटो पाठवतेय. आईच्या पेटीत साड्यांच्या तळाशी पाकिटात घालून ठेवलेला सापडला. बागेतल्या फोटोच्या दुकानासमोर तुम्ही उभे आहात, शेजारी फोटोवाली, म्हणजे आताच्या काकू. दोघं कशावरून तरी पोट धरून हसताय. मागे दुकानाचा शिक्का आहे, तारखेसकट. ती तारीख अपघाताची आहे. तुमच्या डोक्यावर टोपी नाही. आईने हा फोटो फाडला नाही आणि कुणाला दाखवलाही नाही. का, ते मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल.

मधली

*

१९ एप्रिल

मधले,

महिनाभर लिहिलं नाही. कामं होती.

फोटो परत पाठवतोय. तो तुझ्या काकूनेच अपघातानंतरच्या आठवड्यात, साखरपुड्याच्या वेळी वहिनीला हौसेने दिला होता. माणूस फोटोत हसतोय, एवढ्यावरून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं असेल तर तू कवळ्या सोडून पोलिसात जा.

टोपीचं सांगतो, ते बागेतल्या कुणालाही ठाऊक होतं. डोंगरगाडी सुरू करायचा एक लोखंडी दांडा होता, वरच्या खोलीत. तो पुढे ढकलला की गाडी सुटायची. त्या खोलीतून खालचे रूळ दिसायचे नाहीत, मध्ये सगळा लाकडी डोंगर. म्हणून थोरल्यानेच एक नियम केला होता. जो कुणी रुळांवर उतरेल, तेल द्यायला किंवा खिळे बघायला, त्याने आपली टोपी त्या दांड्यावर लावून जायची. दांड्यावर टोपी असेपर्यंत कुणीही गाडी सोडायची नाही. आणि ती टोपी ज्याची त्यानेच काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. मॅनेजरनेही नाही. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण देवळात चप्पल काढावी तसं सगळे पाळायचे.

त्या दिवशी दुपारी बाग उघडण्याआधी थोरला रिकामी गाडी एकदा फिरवून बघणार होता. रंगारी दुसऱ्या वळणापाशी फळ्या रंगवत खाली बसला होता. त्याने आपली टोपी दांड्यावर लावली होती. थोरल्याने घाईत ती काढली आणि गाडी सोडली. झालं ते एवढंच. त्याची चूक झाली, आणि ती त्याने मर्दासारखी कबूल केली. मी तेव्हा तिथे नव्हतो, ते तुझ्याच फोटोत दिसतंय.

आता तरी समाधान मान.

काका

*

२७ एप्रिल

काका,

समाधान मानायलाच बसले होते. पत्र बाबांना वाचून दाखवायच्या आधी मी त्यांना सहज विचारलं, "रंगाऱ्याची टोपी कशी होती हो?"

बाबा म्हणाले, "रंगाऱ्याला कुठली टोपी? तो कंत्राटावरचा माणूस. बागेची टोपी कामगारांनाच. तो रोज पेपरची घडी घालून होडीसारखी टोपी करायचा, केसांवर रंग पडू नये म्हणून. संध्याकाळी फेकून द्यायचा."

मग मी विचारलं, दांड्यावर होती ती टोपी कापडी होती की कागदी? बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सुपारीएवढी गोष्ट कितीदा विचारशील? टोपी होती. मी काढली. कुणाची ते लक्षात नाही."

काका, ज्यांना चाळीस वर्षांपूर्वीच्या झाडाची सर्दी आठवते त्यांना हे आठवत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. ते कुणाला तरी पाठीशी घालताहेत. आजही. आणि पाठीशी घालावं असं त्या बागेत त्यांचं एकच माणूस होतं. तुम्हाला त्यांनी हाताने भरवून वाढवलं, हे तर सगळ्या घराला माहीत आहे.

स्पष्टच लिहिते. माझा तुमच्यावर संशय आहे. रंगाऱ्याला टोपी नव्हती, तुमच्या डोक्यावर टोपी नव्हती, आणि दांड्यावर एक टोपी होती. हा हिशेब करायला मला वकील लागत नाही.

तुमचं मागचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. आठवडाभर ताप होता, छातीत घरघर आहे. काल नर्स आली तर तिचा हात धरून पुन्हा तेच. ती बिचारी म्हणाली, "आजोबा, असू दे." त्यावर बाबा म्हणाले, "कसं असू दे?"

मला तुम्हाला शिक्षा करायची नाही. मला फक्त त्यांना हे सांगायचंय की ते एकटे नव्हते. तेवढं सांगण्याइतकं तरी मला द्या.

मधली

*

५ मे

मधले,

तुझं पत्र तुझ्या काकूच्या हाती पडलं. तिने वाचलं, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा टोपी कुठे होती, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारते." मग ती समोर खुर्ची ओढून बसली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकं घाबरलो नव्हतो.

तिला जे सांगितलं तेच लिहितो.

टोपी माझी होती. तू फोटोवरून जे ताडलंस ते बरोबर आहे, पण अर्धंच आहे. त्या दिवसांत मी फोटोवालीच्या मागे वेडा झालो होतो. कामाच्या वेळेत तिच्याकडे जायला सबब हवी. म्हणून मी माझी टोपी दांड्यावर अडकवायचो आणि सटकायचो. टोपी दिसली की सगळे समजायचे, धाकटा खाली रुळांवर आहे, तेलपाणी करतोय. थोरल्याला हे महिनाभरात कळलं. वरच्या खोलीच्या खिडकीतून फोटोचं दुकान स्वच्छ दिसायचं. तो मला ओरडला, दोनदा कानफटात मारली, पण मॅनेजरला सांगितलं नाही. पुढे पुढे तो स्वतःच माझी टोपी काढून खुंटीला लावायचा आणि गाडी सोडायचा. नियम त्याचाच होता आणि माझ्यामुळे तोच मोडायला लागला होता.

त्या दिवशी रंगारी मला म्हणाला, "खाली उतरू का? माझ्याकडे टोपी नाही." मी म्हटलं, "उतर बिनधास्त, माझी लावतो." आणि खरंच लावली. त्या एका दिवशी ती टोपी खरी होती, तिच्याखाली माणूस होता. ती लावून मी इथे-तिथे न थांबता फोटोच्या दुकानात गेलो. थोरल्याला सांगायला हवं होतं. म्हटलं, टोपी आहे की.

थोरला वर आला. त्याने माझी टोपी ओळखली. वहिनीने तिला आतून फुलाफुलांच्या कापडाचं ठिगळ लावलं होतं. त्याने खिडकीतून बघितलं तर मी बोडक्या डोक्याने दुकानासमोर हसतोय. तो काय समजणार? त्याने टोपी काढली.

चौकशीच्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो. आत जाऊन सांगेन, असं सकाळपासून घोकत होतो. थोरला बाहेर आला आणि म्हणाला, "कुणाची टोपी ते मला आठवत नाही, असं सांगितलंय. तू तोंड उघडू नकोस. तुझं लग्न व्हायचंय." त्याला वाटत होतं, तो माझी नेहमीची चोरी झाकतोय. रंगारी बिनटोपीचा आपणहून उतरला, असंच तो धरून चालला होता. मी टोपी रंगाऱ्यासाठी लावली होती, हे त्याला माहीतच नाही. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच्या लक्षात आलं असतं की मी एक शब्द टाकला असता तर काहीच झालं नसतं. रंगाऱ्याला कुणी विचारलंच नाही. तो इस्पितळात तापाने फणफणला होता, आणि त्याच्याआधी थोरल्याने सगळं अंगावर घेऊन मोकळं केलं होतं. मग त्याचे लोक त्याला घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी मॅनेजरने मला थोरल्याच्या जागेवर बसवलं. मी बसलो. वहिनीच्या डोळ्याला डोळा देता येईना, म्हणून तुमच्याकडे येणं सोडलं. ती तोंड फिरवायच्या आधी मीच फिरवलं. लग्नाला तुम्ही आला नाहीत म्हणून मागे तुला सुनावलं. पत्रिका मी पाठवलीच नव्हती.

हे त्याला वाचून दाखव. सगळं. चूक त्याची नव्हती, असं माझ्या नावाने सांग.

काका

*

१२ मे

काका,

वाचून दाखवलं. सगळं, एक ओळ न गाळता.

वाटलं होतं, ते रडतील. किंवा चिडतील. तुमच्यावर चिडले असते तरी मला चाललं असतं, मी चिडलेच होते. रात्रंदिवस ज्याने स्वतःला बोल लावला त्या माणसाकडे बघत मी ते पत्र वाचत होते, आणि तुम्ही म्हणताय, पत्रिका पाठवली नव्हती.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खोटं आहे."

मी म्हटलं, बाबा, ते स्वतः लिहिताहेत. तर म्हणाले, "त्याला कळलंय मी आता जाणार. मला बरं वाटावं म्हणून रचून लिहितोय. जशी ती काचेची खोली रचली. त्याला रचायला लहानपणापासून येतं. तेव्हा बोलला नाही, आता बोलेल होय?" आणि पंधरा मिनिटांनी इस्त्रीवाला आला, तर त्याचा हात धरून पुन्हा पहिल्यापासून सुरू.

तुमच्या त्या एका खोट्या खोलीने तुमचं एकुलतं एक खरं पत्र बुडवलं, काका. मला इतका संताप आला होता की तुम्हाला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी बाबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "त्याला एक प्रश्न विचार. एवढाच. त्या दिवशी टोपी दांड्यावर कशी लावली होती?" मी म्हटलं, कशी म्हणजे? म्हणाले, "त्यानेच लावली असेल तर त्याला कळेल." मग माझ्याकडून कागद घेतला, पाठ फिरवून काहीतरी लिहिलं, त्याला बराच वेळ लागला, आणि चौघडी घालून तो कागद चहाच्या डब्याखाली ठेवला. मला बजावलंय, उत्तर येईपर्यंत उघडायचा नाही. म्हणजे त्यांचा माझ्यावरही भरवसा नाही. वाटत असेल, मी तुम्हाला कळवून टाकीन.

मी उघडलेला नाही. उत्तर मलाही माहीत नाही. तुम्ही यावेळी रचून लिहिलंत तर मला कळणार नाही, पण त्यांना कळेल. आठवत नसेल तर तसं लिहा.

ताप उतरलाय. जेवण नाही.

मधली

*

१६ मे

मधले,

लगेच लिहितोय, आजच टपालात टाकतो.

एरवी मी टोपी नुसती दांड्यावर उपडी टाकायचो. त्या दिवशी बांधली होती. डोंगरगाडीवर वारा फार म्हणून आमच्या टोप्यांना हनुवटीखाली बांधायच्या नाड्या होत्या. त्या मी दांड्याला गुंडाळून गाठ मारली. मग वाटलं, एक सुटेल, म्हणून तिच्यावर दुसरी मारली. खाली खरंच माणूस होता ना. म्हटलं, थोरला बघेल आणि समजेल की आज नेहमीसारखं नाही.

दोन गाठी. हे मी काकूलाही सांगितलं नव्हतं. मागच्या पत्रात लिहायला घेतलं आणि थांबलो. टोपी नुसती टाकलेली असती तर ती काढायला क्षणही लागला नसता, त्याला कुणी दोष दिला नसता. गाठी होत्या असं लिहिलं असतं तर त्या त्याने सोडवल्या, असंही त्यात आलंच असतं. मला त्याच्यावरचं काढून घ्यायचं होतं, आणखी घालायचं नव्हतं. त्याने विचारलंच म्हणून लिहिलं. आता हे त्याला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. माझी हिंमत नाही.

काका

*

२१ मे

काका,

मी एक अख्खी सकाळ तुमचं पत्र एप्रनच्या खिशात घालून काम करत होते. दोन जबडे बिघडवले. तुम्ही ठरवायचं माझ्यावर टाकलंत आणि मला वाटत होतं, नको वाचायला. बाबांना सोडवायला निघाले होते मी, आणि हातात हे आलं.

पण बाबांनी टपालवाल्याला बघितलं होतं. "काय म्हणतो?" असं तीनदा विचारलं. मग वाचलं.

'दोन गाठी'पाशी त्यांनी हात वर केला. म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. म्हणाले, "कागद काढ." डब्याखालचा कागद मी उघडला. वेड्यावाकड्या अक्षरांत दोनच ओळी होत्या. 'नाडीच्या दोन गाठी होत्या. मी दोन्ही सोडवल्या.'

बाबा बोलायला लागले, अगदी शांतपणे, कुणाचा हात न धरता. म्हणाले, "पहिली गाठ सोडवताना मला धाकट्याचा राग आला होता. म्हटलं, आता बांधायला लागला, मला शिकवतो. दुसरी घट्ट होती. नखाने सोडवावी लागली. तेव्हा एकदा मनात आलं, हा कशाला बांधेल? आलं आणि गेलं. मी चौकशीत टोपीचं सांगितलं, गाठींचं सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही. इतकी वर्षं मी हेच धरून बसलोय, की त्या गाठी कशासाठी होत्या. आज कळलं."

मी म्हटलं, बाबा, मग चूक काकांची पण होती ना? एकट्या तुमची नव्हती. म्हणाले, "गाठ त्याने मारली. सोडवली मी." तुमच्यावर राग नाही, काका. पण तुम्ही पाठवलेली माफीही त्यांनी घेतली नाही. ती देण्याचा तुम्हाला अधिकार नाही आणि मलाही नाही, असं मला त्यांच्याकडे बघून वाटलं. ज्याला होता तो रंगारी कुठे गेला, हे आपल्यातलं कुणी शोधलंच नाही.

एवढं मात्र झालं. काल नर्स आली. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला, तिने नाडी पाहिली, ती गेली. आज गॅसवाला आला तरी तेच. दोन दिवसांत त्यांनी कुणालाच काही सांगितलेलं नाही. जेवायला अर्धी वाटी घेतात. अधूनमधून माझ्याकडे बघून म्हणतात, "त्यालाही माहीत होतं." हे ते बरं वाटून म्हणतात की वाईट वाटून, ते मला अजून कळत नाही.

आज दुपारी बाबांनी मोजायला सुरुवात केली, पण बागेतले खेळ नाही मोजले. तुमच्याकडून इथवर किती तास लागतात ते मोजत होते. पत्र टाकायच्या आधी मला म्हणाले, "त्याला विचार, कुठल्या गाडीने येतोस. आणि म्हणावं, लवकरची धर."

मधली